आमच्या गावाला वास कसा आला

एकोणीसशे छप्पन सालच्या मार्च महिन्यापर्यंत ईस्ट नॉर्डालमधल्या एकाही घराला वास नव्हता. म्हणजे असेलही, पण तो कुणाला येत नव्हता, आणि जो वास कुणालाच येत नाही तो नाहीच, असं आम्ही मिनेसोटातली साधी माणसं धरून चालतो. दर डिसेंबरात आमच्या चर्चच्या तळघरात लुटेफिस्क शिजतं. क्षाराच्या पाण्यात भिजवून लिबलिबीत केलेली ही मासळी चुलीवर चढली की हमरस्त्यावरून जाणारे ट्रकवाले काचा वर करतात. आम्ही मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतो आणि यंदा लोणी कसं छान झालंय याबद्दल बोलतो. अशा गावाला वास आला, आणि तो मी आणला. हे सांगताना मला लाज वाटते. वाटावी अशीच गोष्ट आहे, तेव्हा कुणी माझी समजूत काढायच्या भानगडीत पडू नये.

माझं नाव ऑर्विल सँडविक. मेन स्ट्रीटवर माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, कुलपं, रंगाचे डबे, बर्फ ओढायची फावडी, असा सगळा माल. त्याशिवाय मी गावच्या कौन्सिलचा चिटणीस होतो. हे पद बिनपगारी आहे आणि दुसऱ्या कुणाला नको होतं म्हणून मी बिनविरोध निवडून आलो, पण हा तपशील मी सहसा सांगत नाही.

फेब्रुवारीत शिकागोहून मिस्टर पेल आले. बाहेर पारा शून्याखाली वीस, आणि या गृहस्थाच्या पायांत दोन रंगांचे बूट. त्यांनी काउंटरवर बशीएवढी हिरवी चकती ठेवली. तिला टांगायला एक कडी होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ब्रीझोलेट."

"कशासाठी?"

"हवेसाठी, मिस्टर सँडविक."

"हवा आहे आमच्याकडे," मी म्हणालो. "हवी त्याहून जास्तच आहे."

मिस्टर पेल माझ्याकडे बघून हसले. माझ्यासारखा दूरदृष्टीचा माणूस इतक्या लहान गावात कसा राहिला, असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न मलाही बरेचदा पडला होता, पण दुसऱ्याच्या तोंडून तो मी प्रथमच ऐकत होतो. मग त्यांनी बॅगेतून एक जाड कागद काढला. वर सोनेरी अक्षरांत 'जिल्हा सुगंध सल्लागार' असं छापलेलं होतं आणि खाली माझं नाव आधीच घातलेलं होतं. माणसाला कशानं पाडता येतं हे त्या मनुष्याला पक्कं ठाऊक होतं. मी सही केली आणि तो कागद खिळ्यांच्या खणांवर चौकट करून लावला.

चाळीस खोकी आली. खोकं म्हणजे केवढं, हे सही करताना मी विचारलं नव्हतं. दुकानात जागा नव्हती म्हणून ती आमच्या घराच्या तळघरात गेली, आणि तळघरात मावेनात म्हणून जिन्यावर.

"ऑर्विल, हे काय आहे?" माझी बायको व्हर्ना वरून म्हणाली.

"भविष्य आहे, व्हर्ना."

"भविष्य जिन्यात आडवं आलंय. मला बटाटे काढायचेत. हलव ते."

लोक दुकानात येत, चकती हातात घेत, नाकाशी नेत आणि म्हणत, "हं. वेगळंच आहे." बाहेरच्या माणसाला ही स्तुती वाटेल. आमच्याकडे ती फाशीची शिक्षा आहे. मिसेस ओल्सोनच्या थोरल्या मुलानं पियानो सोडून जादूचे प्रयोग सुरू केले तेव्हा सगळं गाव त्याला 'वेगळंच आहे' म्हणालं होतं, आणि तो पोरगा पुढच्याच वर्षी आरमारात भरती झाला. तीन आठवड्यांत मी एकच चकती विकली, आणि ती नेणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं दुसऱ्या दिवशी परत आणून विचारलं की ही मिठाची वडी गाईला चाटायला द्यायची कशी.

आमचा शेजारी आयनार क्वाम डेअरीतून निवृत्त झाल्यापासून कुंपणावर कोपर टेकून सल्ले देतो. "मला विचारशील तर," हे त्याचं पहिलं वाक्य. त्याला आजवर कुणी विचारलेलं मी पाहिलेलं नाही.

"मला विचारशील तर ऑर्विल, रंग चुकलाय. हिरवा बघून माणसाला गवत आठवतं. तपकिरी करून बघ."

"तो मी करत नाही, आयनार. कंपनी करते."

"तेच म्हणतो मी. मग नावाचं बघ. ब्रीझोलेट म्हणजे मला वाटलं पोटाचं औषध आहे. आणि खरं सांगू का? माणसाला खाज सुटली तरच तो खाजवतो. इथं खाजच नाहीये कुणाला."

हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. मिस्टर पेल यांनी मालाबरोबर एक लहानशी पुस्तिका दिली होती, ती मी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत उघडली. तिच्यात चौथ्या पानावर लिहिलं होतं, की गिऱ्हाइकाला वस्तू विकू नका, आधी तिची उणीव विका. आणि खाली तिरप्या ठशात होतं: 'स्वतःच्या घराचा वास स्वतःला कधीच येत नाही. तो फक्त पाहुण्याला येतो, आणि पाहुणा सांगत नाही.'

मी ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना मी स्वतःच्या दुकानात हळूच नाक वर करून बघितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे औषध लागू पडतं.

मी कौन्सिलच्या टाईपरायटरवर गावच्या साप्ताहिकाला पत्र लिहिलं. आयुष्यात मी बिलं आणि बैठकांचे वृत्तांत याखेरीज काही लिहिलेलं नाही, पण ते पत्र, अजूनही म्हणतो, चांगलं साधलं होतं. ते असं:

'संपादक महाशय, मागच्या महिन्यात आपल्या सुंदर गावात पाहुणी म्हणून येण्याचा योग आला. एका घरी माझं फार अगत्यानं स्वागत झालं. अंडं घालून उकळलेली सोनेरी कॉफी, हृदयाच्या आकाराचे गरम वॅफल, त्यावर गूजबेरीचा मुरांबा. असं आदरातिथ्य मला शहरात कधी मिळालं नाही. म्हणूनच सांगताना जीव तुटतो, की त्या घराला वास येत होता. त्या बिचाऱ्या माउलीला त्याचा पत्ताही नव्हता. मला सांगायचा धीर झाला नाही. पण तिच्या शेजाऱ्यांपैकी एकालाही, इतक्या वर्षांत, तो कसा झाला नाही? आपली, एक पाहुणी.'

गुरुवारी साप्ताहिक आलं. व्हर्नानं नाश्त्याच्या टेबलावर ते उघडलं आणि वाचता वाचता तिची टोस्टला लोणी लावायची सुरी थांबली.

"गूजबेरी?" ती म्हणाली. "ऑर्विल, गावात गूजबेरीची झुडपं फक्त सिग्ने रुस्टाडकडे आहेत. ही बया सिग्नेबद्दल लिहितेय!"

मी हातातला टोस्ट बशीत ठेवला. एक सांगतो आणि ते कुणी मानो न मानो: लिहिताना माझ्या मनात मिसेस रुस्टाड नव्हत्या. मला फक्त एखादं चांगलं, प्रेमळ घर हवं होतं, खरं वाटेल असं. डोळे मिटून असं घर आठवायला गेलो आणि हात आपोआप चालला. माझी आई गेली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. त्या वर्षी मिसेस रुस्टाडनी मला दर गुरुवारी हाक मारून वॅफल खाऊ घातले होते. गुरुवारची कॉफी त्या तेव्हापासून करतात. नवरा वारल्यावर, मुलगी दूर स्पोकेनला लग्न होऊन गेल्यावर, तो गुरुवारच काय तो त्यांच्याकडे उरला होता. आठवड्यात सहा दिवस त्या तयारी करायच्या आणि सातव्या दिवशी सात-आठ माणसं यायची.

मी तेव्हाच उठून संपादकाकडे जायला हवं होतं. मी दुकानात गेलो, कारण नऊला दुकान उघडायचं असतं. आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी दारात बाया उभ्या होत्या.

त्या सगळ्या दुसऱ्या कुणासाठी तरी घेत होत्या. कुणी फार्गोतल्या बहिणीसाठी, कुणी चर्चच्या बाजारासाठी, कुणी भाच्याच्या लग्नात द्यायला. पुरुष म्हणत, "गोठ्यासाठी हवीय," आणि चार चकत्या कोटाखाली लपवून न्यायचे. डॉक्टरांची बायको मागच्या दारानं आली. शनिवारपर्यंत तळघरातून वीस खोकी वर गेली आणि व्हर्नाला बटाटे मिळाले.

गावाचं मात्र काही खरं नव्हतं. मार्चच्या थंडीत खिडक्या सताड उघड्या. लोकांनी एकमेकांना घरी बोलावणं बंद केलं. बोलावलंच तर यजमान दारात पाहुण्याच्या नाकाकडे बघत उभा राही, आणि पाहुणा नाक हलू नये म्हणून श्वास रोखून धरी, त्यामुळे त्याचा चेहरा लाल होई आणि यजमानाची खात्रीच पटे. आयनार दिवसातून दहा वेळा घराबाहेर जाऊन, फाटकापर्यंत चालून, मग धावत आत शिरायचा. आपल्या घराचा वास पाहुण्यासारखा पकडायचा, असा त्याचा बेत होता.

"काही येतो का, आयनार?" मी कुंपणावरून विचारलं.

"पोचेपर्यंत दम लागतो रे. दमात वास कळत नाही. मला विचारशील तर हे काम तरण्या माणसाचं आहे."

बोलत कुणी नव्हतं, पण सगळ्यांना गूजबेरी ठाऊक होती. पुढच्या गुरुवारी मिसेस रुस्टाडकडे तीन माणसं गेली. त्याच्या पुढच्या गुरुवारी एकटी पास्टरची बायको गेली, आणि ती म्हणे कोट न काढता बसली. तोंडावर काही बोलायचं नाही, ही आमची सभ्यता. गावात आग लागली तरी आम्ही 'आज जरा उबदार आहे, नाही?' म्हणू.

मग एका सकाळी मिसेस रुस्टाड स्वतः दुकानात आल्या. सत्तरी उलटलेली, ताठ, टोपीला पिन लावलेली बाई. त्यांनी सहा चकत्या मागितल्या. कुणासाठी ते सांगितलं नाही. गावात तेवढ्या एका बाईनं खोटं सांगितलं नाही.

मी बांधून देत होतो.

"ऑर्विल, आणखी एक काम होतं. तुझ्याकडे रिकामी खोकी असतील ना आता?"

"आहेत ना. किती हवीत, मिसेस रुस्टाड?"

"असतील तेवढी दे. मुलगी कधीची म्हणतेय, तिकडे राहायला ये म्हणून. ईस्टरनंतर जावं म्हणते. चिनी मातीची भांडी तेवढी नीट बांधायला हवीत." मग त्या जरा थांबल्या. "इथं तरी आता काय राहिलंय?"

त्या गेल्यावर मी दुकान दुपारी दोनला बंद केलं. असं मी आमच्या लग्नाच्या दिवशीही केलं नव्हतं. घरी येऊन व्हर्नाला सगळं सांगितलं. व्हर्नानं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"वॅफल खाल्लेस तू त्यांचे," ती म्हणाली.

"हो."

"आणि तीन आठवडे गल्ला मोजत बसलास."

"हो."

"रविवारी चर्चमध्ये उभं राहून सांगायचं. सगळ्यांसमोर. आणि टाय लावून."

रविवारी उपासनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी चालू असताना मी टाय लावून उभा राहिलो. मिसेस रुस्टाड नव्हत्या, त्या दोन रविवार आल्या नव्हत्या. मी म्हणालो, "ते पत्र मी लिहिलं. कुणी पाहुणी नव्हती. कुठल्याही घराला वास येत नाही. चकत्या खपाव्यात म्हणून मी ते केलं, आणि मला त्याची लाज वाटते."

कुणाचा तरी चमचा बशीवर वाजला. मग सगळ्यांनी खाली बघितलं. माझ्या मनात आलं, आता मला वाळीत टाकतील, आणि खरं सांगतो, मला बरंच वाटलं.

पास्टर ल्युंड उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ऑर्विल, शेजारधर्म कशाला म्हणतात ते आज तू आम्हाला दाखवलंस."

"नाही पास्टर, मी खरंच लिहिलं."

"हो, हो."

"अहो, टाईपरायटरवर लिहिलं! कौन्सिलच्या!"

"कळलं रे आम्हाला," डॉक्टरांची बायको डोळे टिपत म्हणाली. "एका म्हाताऱ्या बाईसाठी एवढं कोण करतं आजकाल?"

"मला विचारशील तर," आयनार म्हणाला, "थाप मारावी तर पटेल अशी तरी मारावी. ते पत्र वाचून माझी बायको रडली, ऑर्विल. तुला दुकानावर 'आज बंद' लिहायचं तर व्हर्नाला विचारावं लागतं."

सगळे हसले, प्रेमानं. इतक्या लाजेतही मला हे लागलं. माणूस जन्मात एकदा चांगलं लिहितो आणि ते त्याचं आहे असं कुणी मानत नाही. मी तावातावानं 'सोनेरी कॉफी' कशी सुचली ते सांगायला लागलो, तेव्हा व्हर्नानं माझी बाही ओढली.

परिणाम काय झाला, तर सोमवारपर्यंत गावाला उरलीसुरली शंकाही राहिली नाही. ऑर्विल सँडविकसारखा माणूस स्वतःवर घेतोय, म्हणजे ते घर मिसेस रुस्टाडचंच. बायकांनी त्यांच्या दारात गुपचूप केक ठेवले. केकबरोबर चकत्याही ठेवल्या. त्यांच्या ओट्यावर अकरा हिरव्या चकत्या रांगेनं मांडलेल्या मी रस्त्यावरून जाताना पाहिल्या आणि रस्ता बदलला.

याच सुमारास सरकारी यंत्रणा जागी झाली. पत्र छापून आल्याच्या आठवड्यातच कौन्सिलनं ठराव केला होता, की गावातल्या दुर्गंधाबाबत जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीला कळवावं. कळवायचं काम चिटणिसाचं. कचेरीकडून नमुना सात आला, तीन प्रतींत भरायचा. पहिलाच रकाना: तक्रारदाराचं नाव. मी 'एक पाहुणी' लिहिलं. तो परत आला: पत्ता नाही. मी 'अज्ञात' लिहिलं. तोही परत आला: अज्ञात व्यक्तीची तक्रार घ्यायची तर स्थानिक अधिकाऱ्यानं ती व्यक्ती अस्तित्वात असल्याचा दाखला द्यावा. अशा रीतीनं, माझ्याच कल्पनेतली बाई अस्तित्वात आहे असा शिक्क्यानिशी दाखला मी माझ्याच सहीनं दिला. तुरुंगात जाण्याइतकं काही मी त्या पत्रात केलं नव्हतं, ते या दाखल्यात केलं.

निरीक्षक मिस्टर ग्रीब आले ते सर्दीनं बेजार होऊन. दोन दिवस ते घरोघर हिंडले. प्रत्येक घरात मधोमध उभे राहून रुमाल बाजूला करायचे, श्वास घ्यायचा प्रयत्न करायचे, शिंकायचे आणि 'नाही' अशी खूण करायचे. मिसेस रुस्टाडकडेही नाही. शेवटी आमच्या घरी आले. व्हर्नानं तळघराचं दार उघडलं. खाली वीस खोकी महिनाभर बंद होती. मिस्टर ग्रीब दोन पायऱ्या उतरले आणि तिथंच थबकले.

"अरे देवा," ते म्हणाले. "नाक उघडलं माझं."

त्यांनी डोळे पुसत नमुना भरला. 'एल्म स्ट्रीट, घर क्रमांक चौदा. दुर्गंध: होय. प्रकार: उग्र, औषधी, डोळ्यांना पाणी. उगम: निश्चित सांगता येत नाही.' त्याखाली गोल शिक्का मारला.

ते गेल्यावर मी तो कागद हातात धरून स्वयंपाकघरात बसलो. माझं सांगणं कुणाला पटत नव्हतं, पण सरकारी शिक्क्यापुढे आमचं गाव मान तुकवतं. मनात जे आलं ते व्हर्नाला कसं सांगावं, कळेना. ती इस्त्री करत होती.

"म्हणजे तू गावाला सांगणार, की माझ्या घराला वास येतो," मी सांगण्याआधीच ती म्हणाली.

"हो."

"अठरा वर्षं हे घर घासतेय मी."

"माहीत आहे, व्हर्ना."

तिनं माझा शर्ट उलटा केला, कॉलर दाबली. "सांग. पण वास घराचा नाही. तुझा आहे. एवढं नीट सांग."

मंगळवारी कौन्सिलची बैठक होती, आणि निरीक्षकांचा निकाल ऐकायला सगळं गाव आलं होतं. आलेली सगळी पत्रं चिटणिसानं मोठ्यानं वाचायची असतात, त्याप्रमाणे मी वाचलं. घर क्रमांक चौदा म्हटल्यावर सगळ्यांची डोकी वर झाली. मग मी कागद खाली ठेवला आणि आयुष्यातली सर्वांत मोठी थाप मारली. म्हणालो, की फेब्रुवारीत व्हर्नाची चुलतबहीण आमच्याकडे येऊन गेली. मिसेस रुस्टाडनी नाताळात दिलेला गूजबेरीचा मुरांबा आम्ही तिला वाढला. पत्र तिनं लिहिलं, आमच्याबद्दल. आणि घराचा काही दोष नाही. वास माझा आहे. लहानपणापासून आहे. व्हर्नाला बिचारीला सवय झाली.

नऊ दिवसांपूर्वी मी याच माणसांपुढे खरं सांगितलं होतं आणि ते कुणी ऐकून घेतलं नव्हतं. हे त्यांनी एका क्षणात मानलं.

"म्हणून चाळीस खोकी!" आयनार टेबलावर थाप मारून म्हणाला. "मी म्हणतच होतो, एवढ्या चकत्या कोण मागवतो!"

"म्हणूनच रविवारी तसं बोललास तू," पास्टर हळू आवाजात म्हणाले. "खरं सांगायला आला होतास आणि ऐनवेळी जीभ वळली नाही. होतं असं."

कुणी मला नावं ठेवली नाहीत. एक-एक जण हात मिळवून गेला, जरा लांबून. दुसऱ्या दिवसापासून चकत्यांचा खप थांबला, कारण आता कुणाला त्यांची गरजच नव्हती. गावाच्या खिडक्या बंद झाल्या. माझ्या दुकानात मात्र लोक दार उघडं ठेवून दोन पावलं अलीकडून बोलू लागले. मिस्टर पेल यांचं पत्र आलं, की एवढ्या लहान गावात एवढा खप त्यांनी पाहिला नाही, आणि माझी युक्ती पुढच्या पुस्तिकेत छापायची परवानगी मिळेल का. सोबत नवा सोनेरी कागद होता. तो मी शेगडीत घातला.

मिसेस रुस्टाडनी खोकी परत पाठवली, नीट घडी घालून. आणि ईस्टरनंतरच्या पहिल्या गुरुवारी आम्हाला कॉफीचं बोलावणं आलं.

सगळे आले होते, जागा पुरेना. मिसेस रुस्टाड निळ्या झग्यात खुर्च्यांमधून हिंडत होत्या. गालांवर रंग चढला होता. मी दारातच रेंगाळलो, तर त्यांनी हाताला धरून मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि जाता जाता खिडकी वीतभर वर सरकवली, अगदी सहज, कुणाच्या लक्षात येऊ नये अशी. एप्रिलचा वारा माझ्या मानेत शिरू लागला. व्हर्ना पलीकडच्या भिंतीला बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

कॉफी ओतायला त्या माझ्याजवळ आल्या तेव्हा खाली वाकल्या आणि कानाशी म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस, ऑर्विल. मला ठाऊक आहे ते कसं असतं. महिनाभर मला वाटत होतं, ते माझंच घर आहे. सारखी पडदे धूत होते. एकानंही येऊन म्हणावं, की बाई, वास येत असला तरी मी येणारच, एवढंच मला हवं होतं. तेवढ्यावर मी राहिले असते. म्हणून तुला सांगते. तू दर गुरुवारी यायचं. वास असला तरी."

मी कप पुढं केला.

"आणि चर्चमध्ये माझ्यासाठी खोटं बोललास, ते मला पास्टरांनी सांगितलं," त्या म्हणाल्या. "गावात एवढा एकच माणूस माझ्यासाठी उभा राहिला. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"मिसेस रुस्टाड," मी म्हणालो, "ते खोटं नव्हतं. खरंच मीच लिहिलं होतं ते."

त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला, मी सोळा वर्षांचा असताना ठेवत तसा.

"बरं, बरं," त्या म्हणाल्या आणि माझ्या बशीत आणखी एक वॅफल ठेवला. "खा आता. गार होतोय."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी तो खाल्ला.